भूत दिसतं कसं? लोणावळ्याच्या छापखान्यातून आलेले दादासाहेब फाळके

हॉरर पिक्चर बघताना तुम्ही पण हे करत असाल. पहिल्यांदा बघताना घाबरायचं आणि दुसऱ्यांदा बघताना चुका शोधायच्या. मागच्या शॉटमध्ये विझलेली मेणबत्ती पुढच्या शॉटमध्ये पेटलेली कशी? भूत आरशात दिसत नाही म्हणता, मग फरशीवर त्याची सावली कशी पडली? अशा चुकांचे व्हिडिओ लाखो लोक बघतात, कारण चूक सापडली की पडद्यामागचं जग क्षणभर उघडं पडतं.

आज आपण अशा माणसाबद्दल वाचणार आहोत, ज्याने आपल्या देशात पडद्यावर पहिल्यांदा देव प्रकट केले, राक्षस जाळले आणि धडावेगळं झालेलं डोकं हवेत उडवलं. दादासाहेब फाळके. शाळेत आपण त्यांच्याबद्दल एकच ओळ पाठ करतो: भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक. पण ते टेक्निकल माणूस होते आणि त्यांच्या आयुष्यातली एक महत्त्वाची पायरी आपल्या लोणावळ्यात होती, हे खूप कमी जणांना माहीत असतं. भुशी डॅमला जाणाऱ्यांपैकी तर कोणालाच नसेल!

त्यांनी आजच्या अर्थाने हॉरर सिनेमा काढला नाही. तेव्हा असा प्रकारच नव्हता. पण हॉररमध्ये जे तंत्र लागतं, म्हणजे नसलेली गोष्ट असल्यासारखी दाखवणं, ते आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात त्यांनीच केली. आणि माझं म्हणणं असं आहे की त्या तंत्राची खरी तालीम लोणावळ्याच्या छापखान्यात झाली. कसं, ते बघूया.

त्र्यंबकेश्वर ते बडोदा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराजने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला आणि फोटोग्राफी असं सगळं शिकून घेतलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्रँच न निवडता सगळ्या ब्रँचची प्रॅक्टिकल्स केली.

मग गुजरातमधल्या गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे १९०० च्या सुमाराला प्लेग आला. त्यात पहिली पत्नी गेली आणि मूलही गेलं. फाळके बडोद्याला परतले, पुन्हा फोटोचा धंदा सुरू केला. पण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढलेला माणूस मरतो, असा समज लोकांमध्ये पसरला आणि दुकान चालेना. म्हणजे भुताचा सिनेमा यायच्या कितीतरी आधी लोकांना कॅमेऱ्यातच भूत दिसत होतं.

याच काळात त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले. पुढे ते स्वतः प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे खेळ करायचे. फाळके हे नाव उलटं करून बघा, केल्फा मिळेल. जादूगाराचं अर्धं काम हाताचं असतं आणि अर्धं प्रेक्षकाच्या नजरेचं. प्रेक्षक कुठे बघतोय हे कळलं की दुसरीकडे काहीही करता येतं. हे पुढे त्यांच्या फार उपयोगी पडलं.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे मोठं काम आहे. १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. सरकारी नोकरी, पक्का पगार. १९०६ मध्ये त्यांनी ती सोडली.

लोणावळ्यातला छापखाना

नोकरी सोडून ते आले लोणावळ्याला. प्रसिद्ध विद्वान रा. गो. भांडारकर यांच्या भागीदारीत त्यांनी इथे फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स नावाचा छापखाना काढला.

लोणावळाच का, याचं उत्तर पुण्याच्या दिशेने पुढच्याच स्टेशनवर मिळतं. लोहगडला किंवा भाज्याला जाताना आपण मळवलीला उतरतो. त्या मळवलीत तेव्हा राजा रविवर्मांचा छापखाना होता. मुंबईत सुरू झालेला हा छापखाना १९ व्या शतकाच्या अगदी शेवटी मावळात हलवला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. आजीच्या देवघरात तुम्ही लक्ष्मी-सरस्वतीचं जुनं रंगीत चित्र पाहिलं असेल. त्या जातीची हजारो चित्रं या मळवलीतून देशभर गेली. फाळक्यांच्या छापखान्याचं मुख्य काम म्हणजे या छापखान्यासाठी फोटो-लिथो ट्रान्सफर करून देणं. पुढे त्यांनी हाफटोन ब्लॉक आणि तीनरंगी छपाईसुद्धा सुरू केली.

आता हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात समजून घेऊ, कारण पुढचा सगळा लेख यावर उभा आहे.

लिथो म्हणजे दगडावरची छपाई. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं किंवा फोटोवरून उतरवायचं, मग दगड ओला करायचा. तेल आणि पाणी एकत्र येत नाही, त्यामुळे छपाईची शाई फक्त तेलकट भागावर चिकटते. रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. एकाच कागदावर आधी एक रंग, तो वाळला की दुसरा, मग तिसरा, असं करत चित्र पूर्ण होतं.

हाफटोनमध्ये फोटोचे बारीक ठिपके करतात. गडद भागात मोठे ठिपके, उजळ भागात लहान. जुन्या पेपरमधला फोटो मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा, लगेच दिसतील. तीनरंगी छपाईत पिवळा, लाल आणि निळा असे तीन ब्लॉक एकावर एक छापले की डोळ्याला सगळे रंग दिसतात.

खरी डोकेदुखी आहे जुळणी. दुसरा रंग पहिल्या रंगावर बरोब्बर बसला पाहिजे. केसभर सरकला तरी देवीच्या चेहऱ्याला दोन कडा दिसतात, एका डोळ्याशेजारी दुसरा फिकट डोळा दिसतो. अशा वाया गेलेल्या प्रतीकडे नीट बघितलं तर चेहऱ्यामागे एक भूतच उभं असतं.

तुमच्या फोनमध्येही नेमकं हेच होतं. एचडीआर मोडमध्ये फोन एका क्लिकला अनेक फोटो काढतो आणि सॉफ्टवेअर ते एकमेकांवर बसवतं. मध्येच कोणी हललं तर माणसाच्या बाजूला त्याचीच पारदर्शक आकृती उमटते. पॅनोरमामध्ये कुत्रा चालत गेला की त्याला दोन तोंडं येतात. यासाठी आमच्या क्षेत्रात वापरला जाणारा शब्दच घोस्टिंग आहे. भूत म्हणजे चुकलेली जुळणी!

छापखान्यात फाळक्यांनी काही वर्षं रोज हे भूत घालवायचं काम केलं. सिनेमात गेल्यावर त्यांनी तेच भूत मुद्दाम बोलावलं. आणि जी चूक तुम्हाला टाळता येते, तीच चूक तुम्हाला ठरवून करता येते.

१९११: सगळं गेलं आणि सिनेमा दिसला

धंदा वाढला तसा छापखाना लोणावळ्याहून मुंबईत दादरला गेला. १९०८ मध्ये भांडारकरांच्या जागी पुरुषोत्तम मावजी भागीदार झाले आणि नाव बदलून लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. रंगीत छपाईची मशिनरी आणायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. पण पुढे भागीदारीत बिनसलं आणि १९११ मध्ये ते बाहेर पडले. वय ४१. हातात कला होती, धंदा नव्हता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावात सिनेमा बघायला गेले. पडद्यावर प्राणी पळताना दिसले. दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन गेले तर ईस्टरनिमित्त येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला होता. तो बघताना त्यांच्या डोक्यात आलं की पडद्यावर येशू दिसू शकतो, तर राम आणि कृष्ण का दिसणार नाहीत? मळवलीच्या दगडांवरून छापलेले देव त्यांनी पाहिले होतेच. आता तेच देव चालताना दाखवायचे होते.

पुढचे अनेक महिने त्यांनी फक्त सिनेमे बघितले. झोप नाही, विश्रांती नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि दिसेनासं झालं. विचार करा, चित्रकार, फोटोग्राफर आणि छपाईवाला माणूस, आणि त्याची दृष्टीच गेली! उपचार आणि एकामागून एक चष्मे बदलून हळूहळू नजर परत आली. बरं वाटल्यावर त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. तिथे बायोस्कोप या सिनेमाविषयक साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची ऑर्डर दिली आणि १ एप्रिल १९१२ ला परत आले. एवढ्याशा मुक्कामात त्यांना सगळं समजलं, कारण निम्मं आधीच येत होतं. केमिकल, काळोखी खोली, निगेटिव्ह, हे सगळं छापखान्यातलंच होतं. नवीन होता तो फक्त वेळ.

वाटाण्याचं झाड आणि गोष्टीतली एक चूक

पैसे उभे करायला काहीतरी दाखवावं लागणार होतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढतानाचं चित्रण केलं. ही फिल्म बघून भांडवल मिळालं. आज फोनमध्ये टाइमलॅप्सचं बटण असतं, ते काम त्यांनी हाताने केलं.

इथे एक चूक पकडूया. ही गोष्ट सांगताना बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की त्यांनी महिनाभर रोज एक फ्रेम घेतली. आता हिशोब करा. त्या काळी सेकंदाला साधारण १६ फ्रेम चालायच्या. रोज एक म्हणजे महिन्यात ३० फ्रेम, म्हणजे पडद्यावर जेमतेम २ सेकंद! दोन सेकंदांच्या फिल्मवर कोणी पैसे देणार नाही. मिनिटभराची फिल्म हवी असेल तर ९६० फ्रेम लागतात, म्हणजे रोज ३० च्या आसपास. थोडक्यात, फाळक्यांनी गोष्टीत सांगतात त्याहून कितीतरी जास्त कष्ट घेतले असणार.

राजा हरिश्चंद्रच्या पडद्यामागे

१९१२ मध्ये दादरच्या बंगल्यात कामाला सुरुवात झाली. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग. तारामतीसाठी बाई काही मिळेना. सिनेमात काम करायला कोणतीही स्त्री तयार नव्हती. शेवटी ग्रँट रोडजवळच्या हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला फाळक्यांनी निवडलं. तिथे त्याला महिन्याला १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ देऊ केले. दुसरी अडचण मिशांची. स्त्री पार्ट करणारी पुरुष मंडळी मिशी काढायला तयार नव्हती, कारण वडील जिवंत असताना मिशी काढायची नाही असा रिवाज होता, असं सांगतात. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नावं ठेवायचे, म्हणून ही मंडळी बाहेर सांगायची की आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. २००९ च्या परेश मोकाशींच्या सिनेमाचं नाव इथूनच आलं.

बाहेरचं शूटिंग कर्जत लाईनवरच्या वांगणीला होतं. मंडळी पुढे पोहोचली, फाळके मागून येणार होते. तलवारी, भाले आणि ढाली घेऊन गावात आलेला हा घोळका बघून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले! पाटलाने फौजदाराला कळवलं आणि राजा हरिश्चंद्र प्रजेसकट ताब्यात. आम्ही नाटकवाल्यांसारखे आहोत, हे काही कोणाला पटेना. फाळके आल्यावर त्यांनी कॅमेरा उघडून दाखवला, फिल्म न घालता शूटिंगचं प्रात्यक्षिक केलं, तेव्हा सुटका झाली, असं सांगतात.

आता यातली अवघड गोष्ट. रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा मुलगा भालचंद्र करत होता. बाहेरच्या शूटिंगच्या वेळी खेळता खेळता तो दगडावर पडला, डोकं फुटलं, बेशुद्ध झाला. सगळे म्हणाले की पोराला मुंबईला न्या. पण पुढचा प्रसंग मेलेल्या रोहिदासाच्या चितेचा होता आणि त्यासाठी निपचित पडलेलं मूलच हवं होतं. सांगतात की फाळक्यांनी बेशुद्ध मुलालाच चितेवर ठेवून तो प्रसंग घेतला. पहिलं मूल प्लेगमध्ये गमावलेला बाप हा. पडद्यामागच्या किश्श्यांमध्ये हा किस्सा जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला तो वाचताना प्रत्येक वेळी पोटात कसंतरी होतं. स्मशान, मध्यरात्र, चिता, यापेक्षा भयानक गोष्ट त्या दिवशी कॅमेऱ्याच्या अलीकडे घडत होती.

आणि सरस्वतीबाई. दागिने त्यांनी दिले. साठ-सत्तर माणसांचं जेवण त्या करायच्या. उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवायच्या. रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची आणि भोकांशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नाही. जरा हिशोब करू. तयार सिनेमा सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे ५९,२०० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार, म्हणजे ८ भोकं. एकूण ४,७३,६०० भोकं! हे फक्त एका प्रतीचं, वाया गेलेली फिल्म वेगळीच. आणि एखादं भोक जरी वाकडं पडलं तरी चित्र पडद्यावर थरथरणार. पुन्हा तोच प्रश्न, जुळणीचा.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांसाठी लागला.

चमत्कार कसे केले?

राजा हरिश्चंद्रात विश्वामित्राच्या यज्ञात ज्वाळांमध्ये अडकलेल्या तीन शक्ती दिसतात. १९१३ मध्येच आलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये स्वतःच्याच हाताने भस्म होणारा राक्षस आहे. यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली, म्हणजे इथे पडद्यावर खऱ्या स्त्रिया आल्या. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये हनुमान उडतो आणि लंका पेटते. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये कंसाला भीतीने भास होतात आणि त्याचं शीर धडावेगळं होऊन वर जातं. माझ्या मते आपल्या सिनेमातला हा पहिल्या काही हॉरर शॉट्सपैकी एक आहे.

अशा शॉट्ससाठी त्या काळी जगभर मुख्यतः दोन युक्त्या वापरल्या जायच्या.

पहिली, थांबवून बदलणे. कॅमेरा तिवईवर पक्का. हँडल फिरवायचं थांबवायचं. सगळ्यांनी आहे तसं पुतळ्यासारखं उभं राहायचं. देवाचा पार्ट करणाऱ्याने पटकन जागेवर येऊन उभं राहायचं आणि हँडल पुन्हा सुरू. पडद्यावर देव क्षणात प्रकट! मध्ये धूर सोडला की सांधा झाकला जातो. तुम्ही रील करताना चुटकी वाजवून कपडे बदलता ना, तीच ही युक्ती.

दुसरी, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण. हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम सरकायच्या, सेकंदाला दोन फेरे. पाच सेकंदांचं भूत हवं असेल तर १० फेरे मोजून फिरवायचे. मग लेन्स झाकून फिल्म तेवढीच मागे न्यायची. आता काळ्या पडद्यासमोर भूत उभं करायचं आणि पुन्हा १० फेरे. काळ्या भागातून उजेड येत नाही, म्हणून तिथली फिल्म आधीच्या चित्रासाठी तशीच राहते. फक्त भूत वर उमटतं आणि पारदर्शक दिसतं. उडणारं डोकं हवं असेल तर नटाचं अंग काळ्या कापडाने झाकायचं. आता हे शेजारी ठेवून बघा: एका कागदावर तीन ब्लॉक छापणं आणि एका फिल्मवर दोन चित्रं घेणं. एकच काम आहे, फक्त इथे कागद हलतोय.

आणि हे करताना समोर स्क्रीन नव्हता. फेरे मोजण्यात चूक झाली, तर ती फिल्म धुतल्यानंतरच कळणार. मी दिवसातून शंभर वेळा अनडू दाबतो. फाळक्यांकडे एकच अनडू होतं, पुन्हा फिल्म विकत घेणं.

मग चुका कुठे दिसतात?

जुने शॉट बघताना या गोष्टींकडे लक्ष ठेवा. सिनेमाच्या त्या पहिल्या काळातल्या चुका बहुतेक वेळा या जागी सापडतात.

थांबवून बदलताना मागचा एखादा नट थोडा हलतो आणि पडद्यावर त्याचा हात टुणकन उडी मारतो.

शूटिंग सूर्यप्रकाशात व्हायचं. मध्ये वेळ गेला की सावली सरकते. देव प्रकट झाला आणि त्याच क्षणी खांबाची सावली लांबली, तर समजायचं की तिथे कट आहे.

हँडल हाताने फिरवायचं, त्यामुळे वेग सारखा राहत नाही. हळू फिरवलं तर पडद्यावर माणसं पळत सुटतात.

त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल गोष्ट काळी यायची आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणजे कुंकू आणि काजळ पडद्यावर सारखंच.

आणि सगळ्यात गाजलेली चूक 'लंकादहन'मधली. अण्णा साळुंके यांनी यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पण सीतेच्या दंडाचे स्नायू बघून लोकांना कळायचं की हा तोच गडी आहे! तरीही राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढून हात जोडायचे, असं सांगतात. कॉम्प्युटर नाही, ग्राफिक्स नाही, सीतेला दंड पुरुषाचे, आणि लोकांचे हात जोडलेले. चूक दिसत होती, पण विश्वास तिच्याहून मोठा होता.

फाळक्यांना पडद्यामागचं लपवून ठेवायची हौस नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी फिल्मच काढली, ज्यात ते स्वतः काम करताना दिसतात. आजच्या बिहाइंड द सीन्स व्हिडिओचा हा पणजोबा. १९१९ च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवातही अशीच आहे. त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी आधी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. म्हणजे आधी सांगितलं की ही माझी मुलगी आहे, मग जादू केली. प्रोफेसर केल्फाच तो!

आगीत गेलेलं आणि उरलेलं

१९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. भागीदारांशी पुन्हा पटलं नाही. ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं, मग परत आले. तोवर काळ बदलला होता. १९३१ मध्ये सिनेमा बोलायला लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा सिनेमाच्या धंद्यात त्यांची फारशी आठवण कोणाला नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

त्यांच्या इतक्या कामापैकी आज अगदी थोडं शिल्लक आहे. राजा हरिश्चंद्राची पहिली आणि शेवटची रिळं मिळाली, पण ती १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. लंकादहन आणि श्रीकृष्ण जन्म यांचे फक्त तुकडे उरलेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. ती पटकन पेट घेते आणि नाही पेटली तरी वर्षानुवर्षं कुजत जाऊन तिची पावडर होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि शेकडो जुन्या सिनेमांची मूळ रिळं गेली. ज्यांची वेळेवर दुसरी प्रत काढून ठेवली होती, तेवढेच सिनेमे वाचले.

आणि मळवली? तो छापखानाही १९७२ मध्ये आगीत जळाला. म्हणजे फाळके ज्याच्यासाठी जुळणीचं काम करायचे तो छापखाना आणि त्यांनी जुळवलेली चित्रं, दोन्ही पुणे जिल्ह्यातच आगीत सापडली. जे उरलं ते फक्त दुसऱ्या प्रतींमुळे. रविवर्मांची देवी हजारो घरांच्या भिंतींवर होती म्हणून ती अजून आहे. कंसाचं उडालेलं डोकं कोणीतरी सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवलं म्हणून आज आपण ते फोनवर बघू शकतो.

त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात मळवलीला उतरलात, तर लोहगडाकडे निघायच्या आधी दोन मिनिटं थांबा. फोनचा पॅनोरमा मोड सुरू करा आणि मित्राला मुद्दाम मधून पळायला सांगा. फोटोत त्याचं जे अर्धवट, दुहेरी, पारदर्शक भूत येईल, ते डिलीट करू नका. या परिसरात एका माणसाने ते भूत घालवता घालवता शिकून घेतलं होतं. आणि हो, घरी आल्यावर फोटोंचा बॅकअप घ्या!